जुन्या बॅटरीला नवी जोडू का?

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येतात. लाईट जाते, एक बॅटरी पुरत नाही, दुसरी शेजारी ठेवून जोडू का? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं बॅटरीचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, तेव्हा समोर ट्रक नाहीतर ट्रॅक्टर उभा असायचा. आता ते मी चालवते आणि निम्म्याहून जास्त काम घरच्या इन्व्हर्टरचं असतं. म्हणून हा अंक पूर्ण या जोडणीलाच देते आहे. मिक्सर-फ्रिजच्या पत्रांना पुढच्या वेळी उत्तरं मिळतील.

ताई, आमच्याकडे 12 व्होल्टचा 900 व्हीए इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे. तीन वर्षं झाली. पूर्वी चार तास चालायची, आता दीड तासातच इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. तशीच नवी 150 ची आणून शेजारी जोडली की बॅकअप दुप्पट होईल, असं वायरमन म्हणतो. मेहुणे म्हणतात, फुटेल. कुणाचं ऐकू?
– एक शिक्षक, कसबा बावडा

सर, मेहुण्यांचं ऐका. वायरमनला जोडायचं कसं ते बरोबर माहीत आहे. चूक आहे ती जोडी निवडण्यात. प्लसला प्लस, मायनसला मायनस ही पॅरलल जोडणी. तीत व्होल्ट 12 च राहतात आणि एएचची, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या मापाची, बेरीज होते: 150 आणि 150 मिळून 300. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लावला तर ती सिरीज, मग 24 व्होल्ट होतात आणि तुमचा 12 चा इन्व्हर्टर जागेवर जळतो. हे तुमचा वायरमन करणार नाही, याची मला खात्री आहे.

प्रश्न पुढचा आहे. दोन बॅटऱ्या जाड वायरीनं जोडल्या की इन्व्हर्टर चालू असो वा नसो, त्या एकमेकींना भरायला-उपसायला लागतात. मध्ये चार्जर नाही, स्विच नाही, काही आवर नाही. हिशोब करून दाखवते. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली की ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.240 च्या आसपास दाखवतो. त्यात 0.84 मिळवा, 2.08 आले, हे एका सेलचे व्होल्ट. सहा सेलचे 12.48. उतरलेली जुनी बॅटरी 11.9 वर असेल तर फरक जेमतेम 0.6 व्होल्टचा. ऐकायला काहीच नाही! पण चांगल्या मोठ्या बॅटरीचा आतला रोध काही मिलीओहमच असतो. दोन बॅटऱ्या आणि वायरी मिळून 12 मिलीओहम धरले तरी 0.6 भागिले 0.012, म्हणजे 50 ॲम्पिअर. वायरीच्या टोकाची लग टेकवता क्षणी एवढा करंट वाहतो, आणि ठिणगी उडते ती नेमकी हातातल्या लगपाशी. बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असेल तर झाकणांतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. हवेत तो 4 टक्के झाला की पेट घ्यायला एवढी ठिणगी पुरते. मेहुणे ‘फुटेल’ म्हणतात ते यामुळे खरं होऊ शकतं.

तरीही हा करंट थोड्या वेळात उतरतो, आणि दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या पूर्ण भरून घेतल्या तर तो जवळपास टाळताही येतो. मला खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. चार तासांवरून दीड तासावर आलेल्या बॅटरीचा एखादा सेल गेलेला असू शकतो. सेल आतून शॉर्ट झाला की सहाचं काम पाच सेलवर येतं. इन्व्हर्टर 14.4 व्होल्टनं चार्ज करतो, तेव्हा सहा सेल असताना प्रत्येकाला 2.4 मिळतात. पाचच उरले तर 2.88. एवढ्या दाबाखाली ॲसिड उकळल्यासारखं फसफसतं, पाणी भराभर उडतं, बॅटरी हाताला चटका देते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. लाईट गेलेली असली तरी सुटका नाही, कारण तेव्हा तुमची नवीकोरी बॅटरी रात्रभर त्या आजारी बॅटरीत ओतत राहते. आणि हा करंट नेहमीच्या लोडपेक्षा कमी असू शकतो, त्यामुळे फ्यूजसुद्धा उडत नाही. नव्या बॅटऱ्या अशा रीतीनं वर्षाच्या आत मेलेल्या आमच्याकडे येतात, आणि लोक कंपनीला दोष देतात. मला फार वाईट वाटतं. पंधरा-वीस हजार रुपये ही लहान रक्कम नाही.

म्हणून आधी जुनीची तपासणी करून घ्या. पूर्ण चार्ज करून सहाही सेलचं हायड्रोमीटरनं रीडिंग घ्या. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.030 हून खाली असेल तर ती बॅटरी कुणालाही जोडायच्या लायकीची नाही. सगळे सेल सारखे, पण सगळेच खाली असतील तर तिला एकटीला सावकाश, लांब चार्ज देऊन पाहा. कधी कधी सावरते. तरीही तिच्या शेजारी नवी जोडू नका. जुनीची ताकद निम्मी उरलेली असते, त्यामुळे लोडचा मोठा वाटा नवीवर पडतो आणि नवी अकाली म्हातारी होते.

माझं म्हणणं असं: जुनी दुकानदाराला परत देऊन नवी एकटीच लावा. बहुतेक घरांत तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर तिला सहा महिने व्हायच्या आत तिचीच जुळी आणा. कंपनी तीच, मॉडेल तेच, एएच तेवढेच. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. काही जण ॲसिड गटारीत ओतून शिसं तेवढं विकतात, आणि आपल्या गटारी शेवटी पंचगंगेलाच मिळतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानात तिचे पैसेही वजा होतात.

दोन समान बॅटऱ्यांचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. 600 वॅटचा लोड असेल तर इन्व्हर्टर 12 व्होल्टच्या बाजूनं साधारण 59 ॲम्पिअर ओढतो. एकटीवर तो सगळा बोजा पडला की 150 एएचची बॅटरी 150 देतच नाही, कारण तो आकडा वीस तासांत सावकाश काढण्याचा असतो. दोघींत वाटला की प्रत्येकीवर 29-30 येतात आणि बॅकअप दुपटीहून थोडा जास्तच मिळतो. आता उलट बाजू. 300 एएच भरायला 30 ॲम्पिअरचा चार्जर हवा. घरगुती इन्व्हर्टर बहुधा 10 ते 20 देतात. 240 एएच वापरून झाले आणि चार्जर 15 चा असला, तर गळती धरून भरायला एकोणीस तास लागतात. लाईट रोज जात असेल तर ती जोडी कधीच पूर्ण भरणार नाही, प्लेटांवर सल्फेट धरेल आणि दोन्ही एकदम जातील. तेव्हा दुसरी बॅटरी घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागची पट्टी वाचा. चार्जिंग करंट तिथे लिहिलेला असतो.

आमच्या मंडळाने एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. मांडवातल्या दिव्यांसाठी पॅरलल लावल्या आहेत. तरी दर वर्षी पहिली आधी उतरते आणि तिचं पाणीही लवकर संपतं. बॅटरी डिफेक्टिव्ह आहे का?
– कार्यकर्ते, शिवाजी पेठ

पोरांनो, बॅटरीवर आळ घेऊ नका. पत्रासोबतच्या फोटोत इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी पहिल्याच बॅटरीवर कसलेल्या दिसतात आणि दुसरी तिच्यामागे वायरीच्या दोन तुकड्यांनी जोडलेली आहे. दुसरीचा करंट त्या दोन्ही तुकड्यांतून येतो, पहिलीचा थेट. प्रत्येक बॅटरीचा रोध 5 मिलीओहम आणि प्रत्येक तुकडा लगसकट 1 मिलीओहम धरा. पहिलीची वाट 5 ची, दुसरीची 7 ची. लोड वरच्यासारखाच 59 ॲम्पिअरचा धरला तर त्यातले 34 पहिली देणार आणि 25 दुसरी. चार्जिंगलाही तसंच, म्हणून पाणी पहिलीचं जास्त उडतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. इन्व्हर्टरची लाल वायर पहिलीच्या प्लसवर राहू दे, काळी मात्र काढून दुसरीच्या मायनसवर लावा. तिरकी. आता दोघींच्याही वाटेत एकेकच तुकडा येतो, वाट 6 आणि 6. एक रुपयाचं सामान लागत नाही. दोन्ही तुकडे मात्र एकाच जाडीचे, एकाच लांबीचे आणि मशीननं दाबलेल्या लगचे हवेत. हातोडीनं ठोकलेली लग वर्षभरात सैल होऊन तापते. 25 स्क्वेअर एमएमच्या तांब्याखाली जाऊ नका. चार बॅटऱ्या झाल्या तर ही तिरकी युक्ती पुरत नाही, मधल्या दोघी मागे राहतात. तेव्हा तांब्याच्या दोन बसबार पट्ट्या बसवा आणि प्रत्येक बॅटरीपासून सारख्या लांबीच्या वायरी पट्टीपर्यंत आणा.

फोटोत फ्यूज कुठेच दिसला नाही, आणि हे मला अजिबात पसंत नाही. मांडवात माणसांची गर्दी, कापड, थर्माकोल. प्रत्येक बॅटरीच्या प्लसला, पोलपासून वीतभर अंतराच्या आत, तिचा स्वतःचा फ्यूज हवा. तुमच्या लोडला आणि 25 च्या वायरीला 100 ॲम्पिअरचा मेगा किंवा एएनएल फ्यूज चालेल. दोघींत मिळून एकच पुढे लावला तर मधल्या तुकड्यात शॉर्ट झाल्यावर तो बघत बसेल. शॉर्ट झालेली एक चांगली बॅटरी क्षणभर दोन हजार ॲम्पिअरच्याही वर जाते, तिच्या जोडीला दुसरी. पाना लाल होऊन वितळतो. घरच्या बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, इथे लावू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे त्यातली ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही आणि ठिणगी आत जळत राहते.

जिन्याखाली दोन बॅटऱ्या आहेत. वरच्या फळीवर आमचं देवघर. सासूबाई रोज समई लावतात. वास वगैरे येत नाही. काही धोका आहे का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

वहिनी, हायड्रोजनला वास नसतो आणि तो वरच जातो. दोन बॅटऱ्या म्हणजे चार्जिंगच्या शेवटी गॅसही जास्त. बंद जिन्याखाली तो साचतो आणि वर ज्योत आहे. एक तर बॅटऱ्या हलवा, नाहीतर देवघर. सासूबाईंशी देवघर हलवण्याची गोष्ट काढण्यापेक्षा बॅटऱ्या हलवणं सोपं, हे मलाही कळतं. गॅलरीत, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, वर मोकळी हवा असेल तिथे ठेवा. प्लायवूडचं बंद कपाट करणार असाल तर त्याला खाली आणि वर, दोन्हीकडे भोकं हवीत.

पाणी तुम्हीच भरता असं लिहिलं आहे. बांगड्या आणि अंगठी काढून मगच भरा. सोन्याची बांगडी दोन पोलांना टेकली तर मनगट भाजून निघेल. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्ज पूर्ण झाल्यावर. जोडीतल्या एका बॅटरीला सारखं जास्त पाणी लागायला लागलं तर थांबू नका, माणूस बोलवा. तो जोडी बिघडल्याचा पहिला इशारा असतो.

शेतावर ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की भावाच्या ट्रॅक्टरवरून केबल लावून सुरू करतो. हीपण पॅरललच जोडणी ना? मग ती कशी चालते?
– शेतकरी, शिरोळ तालुका

दादा, अगदी बरोबर ओळखलंत, ती पॅरललच. चालते कारण ती दोन-चार मिनिटांची असते. भरलेली आणि उतरलेली जोडायला मी वर नको म्हटलं, तो धोका इथेही आहेच, म्हणून क्रम पाळा. आधी उतरलेल्या बॅटरीची झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील किंवा डबा फुगला असेल तर केबल लावूच नका. दोन्ही ट्रॅक्टर 12 व्होल्टचे असल्याची खात्री करा, ट्रकचे 24 असतात. मग लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडायचीच असेल तर तिथे उडू दे. काढताना उलट क्रमानं. चालू इंजिनवर बॅटरीची वायर सोडवून बघायची खोड अनेकांना असते, त्यानं अल्टरनेटर जातो.

माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला 60 व्होल्टचा लिथियम पॅक आहे. मित्राकडे दुसरा 60 चा आहे. दोन्ही पॅरलल केले की रेंज डबल. यूट्यूबवर करतात. घरच्या इन्व्हर्टरलाही लिथियम लावायचा विचार आहे.
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

बाळा, स्कूटरचं करू नकोस. ‘60 व्होल्ट’ हे नुसतं नाव असतं. एक पॅक भरलेला 66 वर आणि दुसरा उतरलेला 60 वर असेल तर फरक 6 व्होल्टचा. दोन्हींचा मिळून रोध 100 मिलीओहम धरला तर 60 ॲम्पिअर उलटे घुसतील. तुझा चार्जर 8-10 देतो. सेलना सहा-सात पट वेगानं भरल्यासारखं ते होतं. शिसाची बॅटरी अशा वेळी फसफसते, तापते, थोडा वेळ तरी देते. लिथियमचा सेल आतून बिघडला की स्वतःच्याच उष्णतेनं आणखी तापत जातो आणि पाणी ओतूनही पटकन आवरत नाही. बीएमएस, म्हणजे पॅकमधलं राखण करणारं सर्किट, वाचवेल या भरवशावर राहू नकोस; स्वस्त पॅकमध्ये डिस्चार्जच्या वाटेनं उलटा येणारा करंट रोखायची सोय असेलच असं नाही. विजेच्या दुचाकींच्या आगीच्या घटनांनंतर 2022 मध्ये त्यांच्या बॅटरीचं एआयएस-156 हे मानक कडक झालं. मित्राचा सुटा पॅक जोडलास की त्या चाचणीतून गेलेली गाडी तुझी राहत नाही. दुसरा पॅक हवाच असेल तर कंपनीनं दोन पॅकसाठी बनवलेलं मॉडेल घे.

घरचं वेगळं. तिथे मिळतो तो लिथियम आयर्न फॉस्फेट, 12.8 व्होल्टचा. पुस्तिकेत कंपनीनं पॅरललची परवानगी दिली असेल तर, आणि दिली असेल तितकेच पॅक जोडायचे. एक फसवी गोष्ट ध्यानात ठेव. हा पॅक तीस टक्के भरलेला असो की सत्तर, मीटरवर फरक अगदी थोडाच दिसतो. त्यामुळे ‘व्होल्ट सारखे आहेत, जोडा’ हा शिसाच्या बॅटरीचा नियम इथे घात करतो. प्रत्येक पॅक एकेकटा, बीएमएस चार्जिंग थांबवेपर्यंत पूर्ण भर आणि मगच जोड. शिसाची आणि लिथियमची तर एकत्र कधीच नाही. दोघींचे चार्जिंगचे व्होल्ट वेगळे, उतरायची रीत वेगळी.

2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत घरात पाणी आलं. आता इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या आहेत. पाणी वाढायला लागलं की काय करू? मी आणि मालकच घरी असतो.
– प्रयाग चिखली

मावशी, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठतंय अशी बातमी आली की लगेच हात घाला, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर असते. तुम्ही दोघांनी ती उचलायची नाही, शेजारची दोन पोरं बोलवा. इन्व्हर्टर बंद करायचा, त्याची भिंतीतली पिन काढायची. मग आधी मायनसच्या वायरी सोडायच्या, नंतर प्लसच्या, आणि सुटलेल्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची. पान्याच्या दांड्यालाही पट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे हात निसटला तरी दोन पोल एकत्र येणार नाहीत. बॅटरी उभीच न्यायची, आडवी केली तर ॲसिड सांडतं. कुठली वायर कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वर नेल्यावर लोक त्यातली एक दिव्यासाठी, मोबाइलसाठी वापरतात आणि दुसरी तशीच भरलेली राहते. वापरा, पण पूर ओसरल्यावर घाईनं होती तशी जोडू नका, कारण आता त्या सारख्या राहिलेल्या नाहीत. दोन्ही एकेकट्या पूर्ण चार्ज करा. चार्जर काढून चार-पाच तास शांत ठेवा आणि मग मीटर लावा. दोघींत 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कमी असलेली पुन्हा चार्जला. फरक गेला की इन्व्हर्टर बंद ठेवून आधी मायनसचा तुकडा, मग प्लसचा, आणि सगळ्यात शेवटी इन्व्हर्टरच्या वायरी. पाण्यात बुडालेली बॅटरी बाहेरून कितीही स्वच्छ पुसली तरी झाकणाच्या भोकांतून गढूळ पाणी आत गेलेलं असतं. ती जोडीत लावायची नाही, तशीच दुकानात पाठवा.